शेवगागौरीच्या वानवळ्याची कहाणी

ऐका शेवगागौरी, तुमची कहाणी. आटपाट नगरात एक कोष्टीआळी होती. तिथं आवडा नावाची गरीब बाई राहायची. घरात माग एक, खाणारी तोंडं चार, आणि दारात शेवगा. शेंगा आल्या की आमटी, फुलं आली की भाजी, काही नसलं तर पाला होताच. पण पहिल्या शेंगा तिच्या चुलीवर चढायच्या नाहीत. त्या शेजारी जायच्या. हा तिचा वसा, वानवळ्याचा.

शेजारीण गोजरा. घर भरलेलं, अंगण सारवलेलं, जीभ मात्र तिखट. एके साली तिनं कुरडया वाळत घातल्या. वारा सुटला, शेवग्याची फुलं कुरडयांवर पडली. गोजरा ओरडली, "आवडे, तुझा कचरा आवर!" दुसऱ्या दिवशी पडली, पुन्हा ओरडली. तिसऱ्या दिवशी पडली, आळी गोळा केली. आवडाला राग आला. मग शेंगा आल्या, त्या तिनं घरातच शिजवल्या. वसा मोडला.

मग आवडा लेकीला बाळंतपणाला आणायला गेली. इकडे गोजरानं गडी बोलावला. न विचारता, न सांगता शेवगा तोडला. फांद्यांच्या मेढी केल्या, आपल्या अंगणाभोवती कुंपणाला रोवल्या. आवडा लेकीला घेऊन आली, तो दारात नुसता बुंधा. आवडाला रडू आवरेना. आता बाळंतिणीला पाल्याची भाजी कुठून आणू?

मग तिनं पदर खोचला, भांडायला निघाली. उंबऱ्याशी एक म्हातारी. म्हणाली, "बाई, पाणी दे." दिलं, पुन्हा निघाली. "बाई, बसायला पाट दे." दिला, पुन्हा निघाली. "बाई, कुठं निघालीस?"

"शेजारणीला तळतळाट द्यायला. तिनं माझं झाड तोडलं."

"यंदा वानवळा दिला होतास?"

आवडा मागं वळली. मग म्हणाली, "नाही दिला. ती बोलली, मी राग धरला."

म्हातारी म्हणाली, "तुझी चूक मूठभर शेंगांची, तिची अख्ख्या झाडाची. तुझी तू फेड. तिची तिला तोंडावर सांग, पण तळतळाट देऊ नको. बुंध्याला रोज पाणी घाल. पहिलं फुटेल ते शेजारी दे." आवडा पाया पडायला वाकली, तो पाट रिकामा!

मग ती गोजराकडे गेली. म्हणाली, "बाई, झाड माझं, जागा माझी. मला न विचारता तोडलंस, फार वाईट केलंस. निदान दोन फांद्या परत दे." गोजरा म्हणाली, "एक काडी देणार नाही. माझं अंगण उघडं पडेल." आणि दार लावलं.

आवडा बुंध्याला पाणी घालू लागली. लेकीला मुलगी झाली. मग बुंध्याला पालवी फुटली, ओंजळभर. लेकीला वाढू, की शेजारी देऊ? आवडाचा जीव तुटला. लेकच म्हणाली, "आई, वसा आहे. देऊन ये."

आवडा पदरात पाला घेऊन गेली. बघते तो काय, मेढीमेढीला पालवी! गोजरा कोयता घेऊन घामाघूम. ओरबाडली, पुन्हा फुटली. छाटली, दुप्पट फुटली. उपटायला गेली, मेढ हलेना. म्हणाली, "आवडे, तुझं झाड माझ्या घराला वेढा घालून बसलं गं!"

आवडाला हसू आवरेना. हसत हसत तिनं पदर सोडला. "हा घे वानवळा."

गोजराचे डोळे भरले. "बाळंतिणीच्या तोंडचा घास मला देतेस? चुकले गं मी. मेढी तुझ्या, पाला तुझा." त्या दिवशी तिनं स्वतः भाजी केली, वर तूप घातलं, बाळंतिणीला आपल्या हातानं वाढली.

पुढं नातीचं उष्टावण आलं. गोजरानं कुरडया घातल्या, वर फुलांचा सडा पडला. म्हणाली, "पडू देत." फुलांसकट वाळल्या, फुलांसकट तळल्या, आळीनं मिटक्या मारत खाल्ल्या. आणि मेढीची काडी जरी तोडायची झाली, तरी गोजरा आधी हाक मारी, "आवडे, तोडू का गं?" आवडा कधी हो म्हणे, कधी नाही म्हणे, आणि गोजरा ऐके.

जशी शेवगागौर आवडाला पावली, तशी तुम्हांआम्हांला पावो. तुटलेलं फुटो, रुसलेलं हसो. साठ शेंगांची कहाणी पाच शेंगांत सांगितली, सुफळ झाली, संपूर्ण झाली.