दूताला वेळ नव्हता

कैरोत शिकून परतताना मी एक लहान छपाईयंत्र सोबत आणलं होतं. आमच्या अफार सल्तनतीतल्या अडाणी माणसांसाठी वर्तमानपत्र काढायचं, त्यांना जग दाखवायचं, असं माझं स्वप्न होतं. प्रत्यक्षात उंटावरून उतरताच लोकांनी मलाच बसवलं. वाटेत काय पाहिलंस, कुणाकडून ऐकलंस, त्यातलं खरं किती, हे विचारता विचारता दुपार झाली. दोन अफार भेटले की आधी बसून खबर द्यायची-घ्यायची, हा आमचा रिवाज. त्याला ‘दागू’ म्हणतात. मला तो निव्वळ रिकामटेकडेपणा वाटला.

संध्याकाळी शेजारच्या डोंगरी राजाचा दूत दरबारात आला. वजीर असलेले माझे हुमेदमामा म्हणाले, “बसा. आधी दागू करू.”

“मेंढपाळांच्या गप्पांना मला वेळ नाही. वाटेतही मी कुणाला तोंड उघडू दिलं नाही,” दूत उभ्यानेच म्हणाला. “उद्यापर्यंत मिठाचं मैदान आमच्या हवाली करा. महाराजांची फौज सीमेवर उभी आहे.”

आमचं सगळ्यांचं पोट त्या मिठावर.

मामांनी विचारलं, “कोणत्या महाराजांची?”

“म्हणजे?”

“तुम्ही निघालात आणि महाराजांच्या धाकट्या भावाने गादी बळकावली. फौज परवाच माघारी वळली. तुम्ही ज्या मेंढपाळांना गप्प केलंत, त्यांनीच आज सकाळी कळवलं. तेव्हा मैदान कुणाला द्यायचं, तेवढं सांगा.”

दूत मटकन खाली बसला. हळूच म्हणाला, “आणखी काय खबर?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, वर्तमानपत्र काढायचंच, पण डोंगरावरच्या राजधानीत. खरी गरज तिकडे आहे.