अडलेलं कार्ड

"...मग चुकलं कुठं माझं? तुम्हीच सांगा, सर!"

मृदुला साळगावकर दाभोळे सरांच्या ओसरीवर उभीच होती. बस म्हटलं तरी बसली नव्हती.

दहा वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत काढून ती विद्यापीठाच्या अभ्यासक्रम कक्षाची प्रमुख झाली होती. कंपनीतली अजाइल पद्धत तिनं इथं आणली. दोन-दोन आठवड्यांचे टप्पे, भिंतीवर फळा, प्रत्येक धड्याचं एक कार्ड. फळ्यावर तीन रकाने: करायचं, चालू, झालं.

"सगळ्यांची कार्डं सरकतात. एकट्या काझी मॅडमचं नाही! संभाव्यतेचं कार्ड तीन टप्पे 'चालू'तच. आज वर्ग काढून घेतला त्यांचा. तर बाकीचे शिक्षक माझ्याशी बोलेनासे झालेत!"

दाभोळे सरांनी तिला संख्याशास्त्र शिकवलं होतं. त्यांनी चष्मा काढला.

"का अडलं?"

"सात मुलं अडलीत म्हणे. एक मुलगी विचारते, नाण्याला आधीचा छापा आठवत नाही, तर हजार फेकींत छापा-काटा जवळजवळ निम्मेनिम्मे येतात कसे? एवढ्यावर दीड महिना!"

"तू भेटलीस तिला?"

"मी कशाला..."

सरांनी कोनाड्यातला खडू तिच्या हातात दिला. "मला सांग. कसे येतात?"

"कुठं लिहू?"

"फरशीवर."

ती खाली बसली. तावातावानं सूत्र लिहिलं.

"नाही समजलं."

तिनं आकृती काढली.

"नाही समजलं."

तिनं नियमाचं नाव लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या.

"नाव कळलं. कारण?"

तिनं खडू खाली टाकला.

"सर, तुम्ही मुद्दाम करताय!"

"आणि ती पोरगी?" सरांचा आवाज चढला. वर्गात कधी चढला नव्हता तो. "तीही मुद्दाम करते? मुदत संपली म्हणून तिला गप्प केलंस ना? मलाही कर. टाक कार्ड 'झालं'मध्ये! टाक!"

मृदुलानं दोन रेघा ओढलेलं ते नाव तळहातानं पुसलं.

मग तिथंच बसून तिनं फोन लावला.

"काझी मॅडम... वर्ग तुमचाच आहे. चूक माझी झाली. नाही, मुदतीची तारीख नको. उद्या मीही येते. मागच्या बाकावर बसेन."

फोन ठेवून तिनं सरांकडं पाहिलं.

"सर, तुमच्या वर्गात मला हे कितव्या दिवशी समजलं होतं?"

"तुला समजलंय," सर म्हणाले, "असं कोण म्हणालं?"