चोराच्या तालावरची दवंडी

पूर्वी दंतपूर नगरात कलिंगराजाचा अंमल चालू असताना बोधिसत्त्वाने एका साध्या गृहस्थाच्या घरी जन्म घेतला होता. नाव होतं सोमरक्षित. शिकूनसवरून तो राजाचा न्यायामात्य झाला. दावे ऐकावेत, निवाडा द्यावा, निवाड्यावर मुद्रा उठवावी, एवढंच त्याचं काम; पण ते त्याने कधी हलक्या हाताने केलं नाही.

त्याच नगरात पदुमा नावाची सुईण राहत असे. निम्मं दंतपूर तिच्या हातावर जन्माला आलं होतं आणि उरलेलं निम्मं तिच्या आईच्या. एकदा ती एका श्रेष्ठीच्या सुनेचं बाळंतपण उरकून घरी गेली आणि मागाहून बाळाच्या गळ्यातली सोन्याची साखळी दिसेना. सोमरक्षित तेव्हा सीमेवर कुरणांचा तंटा मिटवायला गेला होता. त्याच्या आसनावर उपामात्य कालिंद बसला होता. कालिंद मनाचा वाईट नव्हता, घाईचा होता. त्याने झडतीला माणसं धाडली. पण बाळंतिणीच्या खोलीत सोयर. तिथल्या कपड्यालत्त्याला शिवायचं कोणी? म्हणून झडती झाली ती एकट्या पदुमाच्या झोपडीची. तिथे काही सापडलं नाही, तेव्हा कालिंद म्हणाला, "म्हणजे विकून टाकली." आणि त्याने तिला चोर ठरवलं.

दंतपुरात चोराची एक रीत होती. गळ्यात तांबड्या कण्हेरीची माळ, पुढे भेरीवाला, मागे चोर, आणि चौकाचौकांत दवंडी. भेरीचे ताल ठरलेले असत. कराचा वेगळा, हरवलेल्या गुरांचा वेगळा, चोराचा वेगळा. कराचा ताल कानी पडला की लोक दारं लावून घेत. चोराचा पडला की हातातलं काम टाकून धावत सुटत. पदुमाला त्या तालावर गावभर फिरवलं.

सोयर फिटलं. श्रेष्ठीच्या घरी बाळाची दुपटी धुवायला काढली, तर एका दुपट्याच्या उसवलेल्या शिवणीत साखळी. सून सरळ मनाची होती. ती सासूला सोबत घेऊन न्यायसभेत आली आणि साखळी पुढे ठेवून रडू लागली. सोमरक्षित तोवर परतला होता. त्याने पदुमाला बोलावणं धाडलं.

कालिंदाने तिला आतल्या दालनात नेऊन, सोमरक्षित आणि लेखनिक यांच्यासमोर, आपला निवाडा फिरवला. "तू निर्दोष आहेस. झाल्या त्रासापोटी सभा तुला एक दुभती गाय देत आहे." प्रकरण मिटलं, असं त्याला वाटलं. पदुमा मात्र जागची हलेना.

"गाय नको का, बाई?" सोमरक्षिताने विचारलं.

"गाय घेऊन काय करू, स्वामी? दारात बांधली तर लोक म्हणतील, हीसुद्धा उचलून आणली."

लेखनिक हसले. सोमरक्षित हसला नाही.

"मग काय हवं?"

"चोर केलंत ते भर चौकात. निर्दोष करताय ते खोलीत, दार लोटून. बाहेर कुणाला काय ठाऊक? परवा कुंभारआळीत बाई अडली. मी हाकेच्या अंतरावर होते. चोरटीला घरात कसं घ्यायचं, म्हणून मला बोलावलं नाही. पोर गेलं. माझ्या हातून वाचलंच असतं असं मी म्हणत नाही, स्वामी. पण मला हाक तरी आली असती."

ते बोलणं सोमरक्षिताच्या काळजाला लागलं. निवाडा खरा झाला म्हणजे न्याय झाला, असं तो आजवर समजत आला होता. इथे निवाडा खरा झाला होता आणि बाई होती तिथेच होती. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा हा प्रकार.

"पुन्हा दवंडी पिटवू," तो म्हणाला.

कालिंद गडबडला. "सभा चुकते असं आपणच चौकात सांगायचं? मग उद्या जो तो हरलेला दावा घेऊन दारात उभा राहील."

"राहू दे उभा. दार त्यासाठीच आहे."

भेरीवाला भद्रक याला बोलावलं. हुकूम ऐकून तो डोकं खाजवू लागला. "वाजवतो, स्वामी. पण कोणत्या तालावर? सभा चुकली याचा ताल आमच्या घराण्यात नाही. आणि नवा वाजवला तर कुणी बाहेर यायचं नाही."

सोमरक्षिताने थोडा विचार केला. "चोराचाच वाजव. तो ऐकून तिची बदनामी ऐकायला जे आले होते, तेच आज येतील."

"पण मग चोर कोण?"

"मी. माळ घेऊन ये."

ही गोष्ट राजाच्या कानावर गेली. राजाने त्याला एकांतात बोलावलं. "न्यायसभेची आज्ञा मी मोडणार नाही. पण कालिंदाची चूक कालिंदाच्या गळ्यात घाला की! येत्या पौर्णिमेला तुम्हाला महामात्य करायचं माझ्या मनात होतं. कण्हेरीची माळ घालून हिंडलेला माणूस त्या आसनावर कसा बसवू?"

महामात्यपद सोमरक्षिताला हवं होतं. खोटं कशाला सांगा? बोधिसत्त्व झाला तरी जन्म माणसाचाच होता. तरी तो म्हणाला, "महाराज, कालिंद माझ्या आसनावर बसला होता. लोकांनी कालिंदावर विश्वास ठेवला नाही, आसनावर ठेवला. उत्तर आसनानंच द्यायला हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी भेरी घुमू लागली आणि लोक नेहमीसारखे धावत सुटले.

"ऐका हो ऐका! चोरी झाली आहे! पदुमा सुईणीची अब्रू चोरीला गेली. बाई निर्दोष आहे; साखळी श्रेष्ठीच्या घरातच सापडली. अब्रू चोरली न्यायसभेनं, आणि सभेचा प्रमुख हा मागे उभा आहे!"

पहिल्या चौकात लोक खो खो हसले. दुसऱ्या चौकात सवयीने कुणीतरी शेण फेकलं, ते सोमरक्षिताच्या खांद्यावर बसलं. त्याने ते पुसलं आणि पुढे चालू लागला. पदुमा कडेकडेने, पदर डोक्यावर घेऊन चालत होती.

कुंभारआळीत कुणी हसलं नाही. ज्या घरचं पोर गेलं होतं, त्या घरची म्हातारी उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होती. दवंडी संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "उशीर केलात." सोमरक्षिताने मान खाली घातली.

मिरवणूक विणकरआळीत शिरली, तोच एक माणूस गर्दी कापत आला. धापा टाकत म्हणाला, "पदुमाबाई आहेत का? घरात सून अडली आहे हो! लवकर चला!"

पदुमा क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने पदर खोचला, "पाणी तापत ठेवलंय का?" असं विचारलं आणि त्याच्यापुढे धावू लागली. सभेचा, भेरीचा, सोमरक्षिताचा निरोप घ्यायचं तिला सुचलंही नाही.

भद्रकाचे डोळे भरून आले. टिपरू खाली करून तो म्हणाला, "झालं काम, स्वामी. थांबू आता?"

"अजून चौक राहिलेत. तिकडच्याही बायका बाळंत होतात."

आणि ते पुढे गेले.

ही कथा भिक्षूंना सांगून झाल्यावर त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्षूंनो, तो कलिंगराजा म्हणजे आजचा सारिपुत्त. भेरीवाला भद्रक म्हणजे हा आनंद. पदुमा ही आज भिक्षुणीसंघात उत्पलवर्णा आहे. परवा तुमच्यातल्याच एकाने भरल्या संघात सोबत्यावर आळ घेतला आणि माफी मात्र त्याच्या कानात मागितली, तो त्या वेळचा कालिंद. सोमरक्षित मी होतो, आणि महामात्यपद मला त्या जन्मी मिळालं नाही." तो भिक्षू मागच्या रांगेतून उठला, सर्वांच्या मधोमध येऊन उभा राहिला आणि मोठ्याने बोलू लागला. त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत शास्ते थांबले. मग त्यांनी सांगितलं की खोटं जिथवर पोचलं तिथवर खऱ्याला आपल्या पायांनी नेऊन पोचवणं, यालाच सत्यपारमी, म्हणजे सत्याची पूर्णता, म्हणतात.