पाण्यापुढे चालणारा निंबाआप्पा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मोरकी नदीचा पाट मातीचा होता आणि पाणी माणसाच्या मागून चालायचं. हसू नका, खरंच चालायचं. बंधाऱ्याचं दार उघडलं की पाटकरी खांद्यावर फावडं टाकून, अनवाणी, कोरड्या पाटातून पुढे निघायचा आणि पाणी त्याच्या मागोमाग. तो शेवटच्या गावाला पोचेपर्यंत वाटेतल्या कुणीही पाट फोडायचा नाही, अशी रीत होती. शेवटचं शिवार आधी भिजायचं, मग वरच्यांची पाळी.

बंधाऱ्याजवळच्या धामणवाडीचा निंबा हा असा पाटकरी. शेती जेमतेम, पण त्याचं पाऊल पडलं की पाटातल्या भेगा मिटायच्या आणि खेकड्यांची बिळं आपोआप बुजायची, असं म्हणतात.

पाटाच्या टोकाला खैरवाडे. तिथे त्याची थोरली बहीण चिंधाबाई दिलेली होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. पाणी सुटलं की ती टोकाशी येऊन उभी राहायची आणि तो दिसताच हाक मारायची, "निंबा, एकटाच आला का पाणी घेऊन आला?"

"घेऊन आलो, आक्का!"

मग त्याच पाण्याने ती त्याचे पाय धुवायची आणि गरम भाकरी वाढायची. काय दिवस होते ते! पाण्याबरोबर भाऊ यायचा आणि भावाबरोबर माहेर.

पाण्याच्या भांडणात निंबाचा शब्द कुणी मोडत नसे. लोकांनी त्याला आमदार केलं, पुढे तो पाटबंधारे मंत्री झाला. त्याने शपथ घेतली त्या दिवशी इकडे बंधाऱ्यातलं पाणी वीतभर चढलं, असं म्हणतात. निंबाचे निंबाआप्पा झाले, मुंबईला बंगला मिळाला, गाडीवर लाल दिवा आला. त्याचं काही नाही. पण पायांत बूट आले आणि तिथेच गडबड झाली.

त्या वर्षी पाट सोडायला आप्पा स्वतः आले. मांडव, हार, सनई, सगळा थाट. आप्पांनी कळ दाबली, दार वर गेलं, टाळ्या पडल्या. पण पुढे चालायचं कुणी? आप्पांना वाटलं, नवा पाटकरी चालेल. पाटकऱ्याला वाटलं, आप्पा असताना आपण कसं पुढे व्हायचं? पाणी एकटंच निघालं. पुढे माणूसच नाही, तर रीत पाळायची कुणासाठी? सगळ्यांत आधी पाट फोडला तो धामणवाडीनेच. मग ज्याच्या हाती फावडं, त्याचं पाणी.

दुसऱ्या दिवशी आप्पा गाडीने बहिणीला भेटायला गेले. चिंधाबाई टोकाशी उभीच होती. मागे ओंबीवर आलेला गहू माना टाकून उभा होता.

"निंबा, एकटाच आला का पाणी घेऊन आला?"

आप्पा गाडीतून एकटेच उतरले. ती रागावली नाही. तिने त्यांचे बूट काढायला लावले आणि हंड्यातल्या पाण्याने पाय धुतले. घरात पिण्यापुरतं तेवढंच होतं. आप्पांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते बूट तिथेच टाकून बंधाऱ्यावर आले. दार बंद करायला लावलं, पुन्हा उघडायला सांगितलं आणि स्वतः पाटात उतरले. तेवढ्यात मुंबईहून निरोप आला, बैठक आहे, ताबडतोब निघा. सचिव काकुळतीला आले, "साहेब, खुर्ची जाईल."

"जाऊ दे. पाणी अर्ध्यावर टाकून येता येत नाही, म्हणून सांगा."

धामणवाडीचे लोक फावडी घेऊन काठावर उभे होते. चुलतभाऊ ओरडला, "निंबा, आपलं शिवार अर्धंच भिजलंय! घरच्यांना उपाशी ठेवून बाहेर वाढतो का?" आप्पा थांबले नाहीत. ते जातील तसे फोडलेले काठ मागे जुळत गेले, असं म्हणतात. ठेच लागून ते थांबले, तेव्हा पाणीही मागे थांबलं आणि ते उठल्यावरच हललं, असंही म्हणतात. मग कुणाची छाती होणार फावडं लावायची?

ऊन कलताना खैरवाडे आलं. टोकाशी कुणी नव्हतं. आप्पांनीच हाक दिली, "आक्का, घेऊन आलो!"

चिंधाबाई धावत आली. तिने त्यांचे रक्ताळलेले पाय त्या पाण्यात धुतले आणि भाऊबहीण दोघंही रडली.

खुर्ची गेली. पुढच्या निवडणुकीत धामणवाडीनेच त्यांना पाडलं, तेही सांगितलं पाहिजे. आप्पांचा पुन्हा निंबा झाला आणि म्हातारा होईपर्यंत पाण्यापुढे चालला. चिंधाबाई गेली, त्याच्या पुढच्या वर्षी पाणी टोकाला पोचलं, पण निंबा पोचला नाही. पाटात नुसती त्याची पावलं उमटत आलेली लोकांनी पाहिली, असं म्हणतात.

आता पाट सिमेंटचा झाला आहे. भेगा नाहीत, बिळं नाहीत, चालायची गरजही नाही. तरी दर वर्षी पाट सुटला की धामणवाडीचं कुणीतरी बूट काढून पुढे चालतं. नाव काहीही असो, त्या दिवशी त्याला निंबाच म्हणतात. खैरवाड्याच्या बाया टोकाशी उभ्या राहून विचारतात, "निंबा, एकटाच आला का पाणी घेऊन आला?"

"घेऊन आलो, आक्का," तो म्हणतो आणि पाय पुढे करतो. ते धुऊन झाले, की मगच धामणवाडीचं पहिलं फावडं शिवारातल्या मातीला लागतं.