टेकडीवरची पेटी

"बंद करू? आत्ता?" रोहिदास जवळजवळ ओरडलाच. "बाबा, तुम्ही काय सांगताय ते कळतंय का तुम्हाला?"

मुजावरबाबांनी मान हलवली. कळत होतं.

टेकडीवरच्या पिराच्या खोलीत दोघंच होते, आणि स्टुलावर रेडिओची छोटी पेटी. खोऱ्यातल्या अडतीस वाड्यांत मोबाईलला रेंज नाही, म्हणून रोहिदासनं वाडीवाडीत आणि खोऱ्यात ये-जा करणाऱ्या एकुलत्या जीपमध्येही अशी एकेक पेटी बसवली होती. एकीनं निरोप धाडायचा, दुसरीनं ऐकून पुढं ढकलायचा. रेडिओ तो बाबांकडूनच शिकला. तरुणपणी बाबा बंदरावर बिनतारी यंत्रावर बसत. पण टेकडीवर पेटी ठेवायची कल्पना त्याची एकट्याची. तिच्यामुळं प्रत्येक वाडीचं बोलणं प्रत्येक वाडीला ऐकू जाई, आणि हे तो भेटेल त्याला ऐकवत असे.

बाबांनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, "प्रत्येकाला कशाला?" म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून त्यानं सोडून दिलं.

अर्ध्या तासापूर्वी फाट्याच्या वर, कड्यावर राहणाऱ्या हौसाबाईंचा निरोप आला होता. घाटरस्ता खचलाय, वळणापुढं नुसती दरी आहे, जीप थांबवा. तेव्हा जीप डोंगरापलीकडं होती, तिच्यातल्या पेटीला कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. आता ती फाट्याजवळ आली असणार. तिथं कड्याखाली तिला एकट्या हौसाबाईंची पेटी गाठू शकत होती.

आणि हौसाबाईंच्या पेटीला बोलताच येत नव्हतं. पेटी आधी कानोसा घेते; हवेत गलका असला की थांबते. गलका तर असा माजला होता की विचारू नका. काय झालं? कुठं झालं? जीपमध्ये कोण कोण आहे? आमचे मामा आहेत का? अडतीस वाड्या एकदम विचारत होत्या आणि टेकडीवरची पेटी इमानेइतबारे प्रत्येक प्रश्न सगळ्यांना ऐकवत होती. वर रोहिदासची बोटं चालूच. जीप थांबवा. जीप थांबवा.

"सतरा वेळा पाठवलं," तो म्हणाला. "अठराव्यांदा जाईल."

बाबा बॅटरीकडं सरकले.

"बाबा, नऊ माणसं आहेत जीपमध्ये. तुमची रुखसाना आहे!"

"माझी नात आहे. माहीत आहे मला."

"आणि तरी बंद कर म्हणता?"

बाबांनी बॅटरीची वायर उपटली.

हिरवा दिवा विझला.

"आता आपलं कुणालाच ऐकू जाणार नाही..." रोहिदास पुटपुटला.

बाबा खिडकीकडं वळले. तिथून घाटाचं वरचं वळण दिसतं. जीप त्या वळणावर दिसली की संपलं. पुढच्या उतारावर ब्रेक दाबून उपयोग नव्हता.

एक मिनिट गेलं... दोन...

रोहिदासचा हात वायरीकडं सरकला. बाबांनी तो मनगटाला धरला. त्या क्षणी रोहिदासला म्हाताऱ्याची अशी चीड आली की ढकलून द्यावंसं वाटलं. नात याची, आणि उभा आहे दगडासारखा! पण धरलेल्या मनगटाशी बाबांची नाडी धडधडत होती, ती त्याला कळत होती.

वळण रिकामं होतं.

...

वळण अजून रिकामंच होतं.

मग खूप खाली, जुन्या बैलगाडीच्या वाटेवर, धूळ उठली. धुळीतून जीप बाहेर आली. हळू, खड्डे चुकवत, टपावर सामान बांधलेलं. फाट्यावरून तिनं घाट सोडला होता.

"पोचला! हौसाबाईंचा निरोप पोचला!"

रोहिदास मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. बाबांचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते.

बऱ्याच वेळानं रोहिदासनं नाक पुसलं आणि वायर हातात घेतली. चेहऱ्यावर जुनी ऐट परत येऊ लागली होती.

"आता लावतो. अडतीस वाड्या वाट बघताहेत, त्यांना सांगायला नको? जीप आपण वाचवली म्हणून!"

बाबांनी डोळे उघडले.

"आपण नुसते वाटेतून उठलो."