गुण कुठल्या गावचे?

एकदा एका विद्यापीठात ज्योतिषगणिताची एकच जागा उरली आणि उमेदवार मात्र उरले दोन. प्रवेश देणारे आचार्य वृद्ध होते. त्यांच्या शेजारी बसलेल्या शिष्याला प्रश्न पडला, यात ठरवायचं ते काय?

पहिला नगरातल्या व्यापाऱ्याचा मुलगा, सर्व विषयांत शंभरापैकी शंभर. दुसरा कोकणातल्या खेड्यातला. त्याला ग्रहणगणितात साठ. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

आचार्यांनी व्यापाऱ्याच्या मुलाला विचारलं, "तुमच्या नगरात ग्रहणगणित शिकवतात ना?"

"शिकवतात, आचार्य. पण वडील म्हणाले, ते घेतलंस तर गुण घसरतील. म्हणून सोपं गणित घेतलं."

"आणि तू रे?"

"आमच्या पाठशाळेत ते नव्हतंच. खाडीपलीकडे एक जोशीबुवा शिकवायचे, त्यांच्याकडे होडीने जायचो." कोकणातला मुलगा ओशाळला. "पण परीक्षेत चुकलो. मी काढलेल्या वेळेच्या अर्धी घटका आधीच ग्रहण लागलं. का, ते अजून कळत नाही."

हे ऐकताच आचार्य आसनावरून उठले, धूळपाटी ओढून त्या मुलाशेजारी चक्क जमिनीवर बसले. शिष्य बघतच राहिला. चुकणाऱ्याचा एवढा मान?

"पंचांग कुठलं वापरलंस?"

"उज्जयिनीचं."

"आणि ग्रहण कुठून पाहिलंस?"

"आमच्या गावाहून... अरे देवा! गाव पश्चिमेला. तिथला सूर्योदयच उशिरा, आणि घटका तर सूर्योदयापासून मोजायच्या. अंतराचा फरक वजा करायचा राहिला!" मुलाने कपाळावर हात मारून घेतला, पण चेहरा आनंदाने फुलला होता.

"ही जागा तुझी," आचार्य म्हणाले.

शिष्याला राहवलं नाही. "मग गुणांना काहीच अर्थ नाही का, आचार्य?"

"आहे तर! साठ आले म्हणून तर हा कुठे अडलाय ते कळलं. पण बाबा रे, गाव बदललं की ग्रहणाची वेळ बदलते, हे आपण मानतो. गुण मात्र सगळ्या गावचे एकाच मापाने मोजतो. एकाच्या पुढ्यात भरलं ताट होतं, त्यातलं अवघड त्याने बाजूला सारलं. दुसऱ्याकडे ताटच नव्हतं, तो होडीत बसून मागायला गेला. एवढं जमेस धरल्याशिवाय शंभरही अपुरे आणि साठही."

व्यापाऱ्याच्या मुलाचे डोळे भरून आले होते. आचार्य त्याला मायेने म्हणाले, "पुढच्या वर्षी ग्रहणगणित शिकून ये. गुण घसरले तरी ये."

तो उठला, दारापर्यंत गेला आणि थबकला. धूळपाटीकडे पाहत हळूच म्हणाला, "आमचं नगर उज्जयिनीच्या पूर्वेला आहे. मग आमच्या वेळेने ग्रहण उशिरा लागेल का?"

कोकणातल्या मुलाने सरकून त्याला जागा करून दिली. शिष्य आता दोघांकडे कुतूहलाने पाहू लागला. या प्रश्नाला कुणीही गुण देणार नव्हतं, तरी व्यापाऱ्याच्या मुलाने तो विचारला होता.