नाव लागतं तर!

पुण्यातल्या एका क्रिप्टो कंपनीत सगळं कायद्याप्रमाणे चाललंय ना, हे बघायचं काम मृदुला टिळेकरचं. त्या दिवशी ती सकाळपासून मालकाच्या, ऋत्विज पाटणकरच्या, मागे लागली होती. सांगलीच्या वत्सलाबाई कुंभोजकर या निवृत्त नर्सला कुणीतरी गंडवलं होतं. त्यांची जन्माची पुंजी असलेली क्रिप्टो नाणी याच कंपनीतल्या एका बिननावाच्या खात्यात येऊन पडली होती.

"खातं गोठवा, सर. केवायसीशिवाय ते उघडायलाच नको होतं."

खातं बडं होतं. पाटणकर हसला. "ब्लॉकचेनच्या नोंदवहीत नावगाव नसतं, मॅडम. ज्याच्याकडे चावी, त्याची नाणी. ज्याच्या हाती ससा तो पारधी!"

मृदुलाने खजिनदार मुजावरांना आत बोलावलं. कंपनीच्या तिजोरीच्या डिजिटल चावीचे तीन तुकडे या तिघांकडे असत आणि कुठलेही दोन जुळले की तिजोरी उघडे.

"सर, एक तुकडा माझ्याकडे, एक यांच्याकडे. म्हणजे आजपासून तिजोरी आमची."

"ही चोरी आहे! कंपनी माझ्या नावावर आहे!"

"नाव लागतं तर!" मृदुला म्हणाली. "मग त्या खात्यालाही नाव विचारूया."

पाटणकरला खातं गोठवावं लागलं, पण तोवर निम्मी नाणी निघून गेली होती. वत्सलाबाई फोनवर रडल्या आणि रडतारडताच त्यांनी आभार मानले.

संध्याकाळी मृदुलाची नोकरी गेली. चावीचा तुकडा परत करताना तिने पोच मागितली. पाटणकरने रागाने कागदावर कंपनीचा शिक्का आपटला.

"नावही लिहा, सर," ती म्हणाली.